सगुणाची साक्ष

शनिवारी दुपारी आम्ही दोघं अंगणातल्या उन्हात बसून हिरवा हरभरा सोलत होतो. सोलत होती ती. मी निम्मे दाणे तोंडात टाकत होतो आणि ती दर थोड्या वेळानं माझ्या हातावर चापट मारत होती. दुसऱ्या दिवशी रविवार. संध्याकाळी देवासच्या चर्चात तिचं नाताळचं कीर्तन होतं. माझी झांज शेजारी ठेवली होती, तिला नवीन सुतळी ओवायची होती.

मध्येच हात थांबवून ती म्हणाली, "अहो, एक विचारू? फाटक उघडलं नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं का?"

मी म्हणालो, "मला काय माहीत? घरातली म्हातारी माणसं सांगायची, तेच मी तुला सांगितलं."

ती म्हणाली, "बरं."

आणि परत सोलायला लागली.

आता हे सगळं कळायला सगुणा कोण होती ते सांगावं लागेल. मी चौथी शिकलेला माणूस. कारखान्यात फिटर होतो. लिहिण्याची सवय नाही. पण चर्चच्या वार्षिक अंकासाठी तिच्याबद्दल दुसरा कुणी लिहील तर "प्रेमळ, मनमिळाऊ, सेवाभावी" असं लिहील. ती मनमिळाऊ बिलकुल नव्हती. म्हणून मीच लिहितो.

सगुणा धारची. तिचे वडील ख्रिस्ती कीर्तनकार होते. धोतर, उपरणं, हातात चिपळ्या, आणि आख्यान येशूचं. त्यांना मुलगा नव्हता. त्यांनी चिपळ्या मुलीच्या हातात दिल्या. आमचं लग्न ठरलं तेव्हा तिनं निरोप पाठवला की मुलगा किती कमावतो ते राहू द्या, ताल धरता येतो का ते विचारा. मला येत नव्हता. माझ्या बापानं "येतो" म्हणून कळवून टाकलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी तिला कळलं. तिनं आरडाओरडा केला नाही. पोळ्या लाटायला बसली, लाटणं पोळपाटावर आपटून म्हणाली, "हा धुमाळी. ऐका." महिनाभर मी पोळ्यांबरोबर ताल खाल्ला. नाताळाला मी तिच्या मागे झांज घेऊन उभा होतो, आणि मग चव्वेचाळीस वर्षं तिथंच उभा राहिलो. कीर्तनकार पुढे ओळ म्हणतो, मागच्यानं ती उचलायची. माझं काम तेवढंच.

कीर्तनाच्या दिवशी तिचं सगळं ठरलेलं असे. सकाळपासून कुणाशी भांडायचं नाही, म्हणून आदल्या दिवशी सगळी भांडणं उरकून घेई. दुपारी नुसता वरणभात. गालात एक लवंग. चर्चात गेलं की आधी जमिनीला हात लावून बघायची. सतरंजी पातळ असली तर दुसरी अंथरल्याशिवाय उभी राहत नसे. म्हणायची, "खालून थंडी लागली की माणसाला देव लांबचा वाटतो."

तिच्या कीर्तनाची खोड एकच होती. बेथलेहेम तिला लांबचं चालत नसे. मरिया आणि योसेफ नेमावरच्या घाटानं यायचे, टोंकखुर्दला झाडाखाली बसायचे, आणि देवासच्या वेशीत शिरेपर्यंत त्यांचे पाय सुजलेले असायचे. त्यासाठी ती माणसं शोधत हिंडायची. कुठलाही म्हातारा दिसला की नाव विचारायच्या आधी विचारायची, "लहानपणी कुठल्या विहिरीचं पाणी पीत होता?" विहीर सापडली की तिला सगळी गोष्ट सापडायची.

एका वर्षी उज्जैनच्या रस्त्यावर मारवाडातले मेंढपाळ उतरले होते. दर हिवाळ्यात येतात. ही टेम्पोतून उतरून सरळ त्यांच्यात जाऊन बसली. विचारलं, रात्री आभाळात एकदम उजेड झाला तर तुम्ही काय कराल? त्यांच्यातला पागोटेवाला म्हणाला, "पहले भेड़ गिनूँगा, बाई. फिर देखूँगा कौन आया." झालं. त्या वर्षी कीर्तनात देवदूत गात होते आणि मेंढपाळ मेंढ्या मोजत होते. लोक हसून बेजार झाले. तेव्हाचे पाळकसाहेब कडक होते. नंतर म्हणाले, "सगुणाबाई, मोजल्याचं शास्त्रात कुठं लिहिलंय?"

"मेंढ्या होत्या हे लिहिलंय ना?"

"हो."

"मग मोजणारा नसेल का? शास्त्र लिहिणाऱ्यानं मेंढ्या पाळल्या नव्हत्या, साहेब."

"तसं नाही, मूळ भाषेत..."

"बरं," सगुणा म्हणाली.

या "बरं"विषयी सांगायला हवं. तिला एखादी गोष्ट पटली की ती "असं होय" म्हणायची. पटली नाही, आणि समोरचा खोटं बोलतोय किंवा मूर्खासारखं बोलतोय हे दिसलं, की "बरं". त्यावर पुढे एक शब्द नाही. मी जन्मभर त्या "बरं"ला घाबरलो.

अलीकडे चर्चात मराठी समजणारे कमी झाले. पोरं हिंदी शाळांतून शिकली. घरात मराठी बोलतात, पुढ्यात पुस्तक ठेवलं की अडखळतात. आमच्या चर्चातला अविनाश गायकमंडळ सांभाळतो, कीबोर्ड वाजवतो. चांगला आहे, पण घाईचा. दोन वर्षांमागे घरी आला आणि म्हणाला, "आंटीजी, इस बार पंद्रह मिनट में हो जाए तो? और हिंदी में?"

"आधी मावशी म्हण. आंटीजी कोण?"

"मावशी, लोग बैठते नहीं."

"नऊ महिने भरलेली बाई एवढं चालून आली, तुमच्यानं बसवत नाही?"

"मराठी समझते नहीं, मावशी."

"हे बघ बाळा, हिंदीत मी भाजी घेते. रडते मराठीत. आणि समजत नाही म्हणतोस, तर मागच्या वर्षी तू का रडत होतास?"

त्या वर्षी सव्वा तास कीर्तन झालं आणि कीबोर्ड त्यानंच वाजवला. पट्टी तिच्याएवढी खाली आणायला तिनं त्याला आठवडाभर घरी बोलावलं. दर वेळी सेव खायला घालायची आणि दर वेळी रागवायची.

पण तिचं खरं आख्यान दुसरंच होतं. त्यासाठी लोक इंदुराहून यायचे. फाटकाचं आख्यान.

पूर्वी कधीतरी माळव्यात मोठा दुष्काळ पडला होता. माणसं नर्मदेकडून चालत वर येत होती. देवासच्या मिशनच्या आवारात धान्य मिळायचं. एका संध्याकाळी फाटकाशी एक बाई आली. एकटी, पोटुशी, दिवस भरलेली. आवार माणसांनी भरलेलं होतं. राखणदारानं कंदील वर केला, तिचं तोंड पाहिलं आणि फाटक उघडलं. मूल आत जन्मलं. हा राखणदार माझा पणजा.

तिथं सगुणा ओळ घ्यायची:

वेशीवरती उभी माउली, थंडी काळी रात,
राखणदारा दया उपजली, तिजला घेई आत.

मी ओळ उचलायचो. मग ती मागे वळायची. हा तिचा स्वतःचा रिवाज होता, बापाकडून आलेला नव्हता. म्हणायची, शास्त्रातल्या गोष्टीला शास्त्राची साक्ष आहे, गावातल्या गोष्टीला जिवंत माणूस उभा राहिला पाहिजे. माझ्याकडे बघून विचारायची, "साक्ष?" मी झांज एकदाच वाजवायचो आणि म्हणायचो, "साक्ष आहे."

बायका पदर डोळ्यांना लावायच्या. लोक आम्हाला फाटकवाले म्हणायला लागले. नाताळच्या सकाळी चर्चचं फाटक आमच्या घरच्या माणसानं उघडायचं, असा मानच पडून गेला. दर वर्षी मीच ते उघडलं. कोट घालून.

गेल्या वर्षी हेच कीर्तन धारला झालं. संपल्यावर एक म्हातारे पुढे आले. डोक्याला मफलर, हातात काठी. बदनावरचे दयाल मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. सगुणाचे हात हातात घेऊन म्हणाले, "बई, बहुत अच्छो गायो. पण फाटक तो नी खुल्यो थो."

सगुणानं विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"वा बई म्हारी नानी की माय थी."

फाटकाबाहेरच्या त्या बाईला झालेली मुलगी ती मास्तरांची आजी. मास्तरांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. राखणदारानं कंदील वर केला, तोंड पाहिलं आणि आतून कडी घातली. बाई तशीच भिंतीला धरून पुढे गेली. तेल्याच्या घरी घाण्याचा बैल बांधायचं छप्पर होतं, तिथं पडली. तेलीण उठून आली. वातीच्या सुतानं तिनं नाळ बांधली आणि पोरीला तिळाचं तेल चोळलं. मास्तरांच्या घरात अजून मूल जन्मलं की पहिलं तेल तेल्याच्या घरून मागून आणतात. कारण कुणाला सांगत नाहीत, पण आणतात.

परतीच्या बसमध्ये सगुणा आख्यानाची वही मांडीवर घेऊन बसली. इंदूर आलं तेव्हा म्हणाली, "चव्वेचाळीस वर्षं मी त्या तेलिणीला गोष्टीबाहेर ठेवलं. छपरात दिवा घेऊन बसलेली होती ती. आणि मी दुसऱ्याच माणसाच्या हातात कंदील दिला."

मी म्हणालो, "म्हातारा काहीही बोलतो."

"त्याच्या घरात तेल आहे. आपल्या घरात काय आहे?"

त्यानंतर तिनं वर्षभर हट्टच धरला. गुडघे दुखत होते तरी तीन वेळा बस बदलत बदनावरला गेली. मास्तरांच्या बहिणीशी बोलली. तिळाच्या तेलाची बाटली घेऊन आली. जुन्या वहीत आख्यानाच्या पानांवर काट मारली, नवीन पानं लिहिली. भाजी चिरताना ओळी जुळवायची, विळी थांबली की समजायचं, ओळ अडली.

मी विरोध केला. इथं खोटं लिहायचं नाही म्हणून लिहितो, जोरात विरोध केला. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला? पणजा मेला, बाई मेली, तेलीण मेली. कुणाला फरक पडतो? लोक काय म्हणतील? पोराचं नाव, नातवाचं नाव. नाताळच्या सकाळी मी फाटकाशी कुठल्या तोंडानं उभा राहू?

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "मी पणज्याचं नाव घेणार नाही. राखणदार म्हणेन. पण फाटक मी खोटं उघडणार नाही. त्या रात्री बेथलेहेमातही एकानं जागा नाही म्हणून सांगितलंच होतं ना? त्याला आपण दोन हजार वर्षं माफ करतोय. तुमच्या पणज्याला नाही का करणार? पण माफ करायला आधी कडी घातली हे तर सांगा."

"मी मागे उभा राहणार नाही," मी म्हणालो.

"नका राहू. मी झांजेशिवाय म्हणेन. तुम्ही यायच्या आधी तसंही झांजेशिवायच म्हणत होते."

असं वर्ष गेलं. डिसेंबर आला. मी झांजेला नवीन सुतळी आणली. तिनं ती बघितली आणि उचलून झांजेजवळ ठेवली. दयाल मास्तरांना तिनं रविवारच्या कीर्तनाला बोलावून ठेवलं होतं.

आता शनिवारची दुपार.

तिनं विचारलं, तुम्हाला माहीत होतं का, आणि मी म्हणालो, मला काय माहीत.

मला माहीत होतं.

मी सात-आठ वर्षांचा असताना आजोबांनी सांगितलं होतं. फाटकाशी बाई आली तेव्हा ते लहान होते, बापाजवळ उभे होते. त्यांच्या बापानं कडी घातली ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. आत माणूस घ्यायचा नाही असा हुकूम होता म्हणे. असेल. कडी तर त्यानंच घातली. म्हातारपणी आजोबा झोपेत उठून दाराची कडी काढायचे. आई परत लावायची, ते परत काढायचे.

लग्न झालं त्या पहिल्या हिवाळ्यात सगुणा देवासची गोष्ट शोधत होती. तिच्याकडे धारच्या गोष्टी होत्या, इथली एक नव्हती. ती शिकलेली, गाणारी, गावोगावी बोलावणं येणारी. मी चौथी पास, लाटण्यावर ताल शिकणारा. मला तिला काहीतरी द्यायचं होतं. मी म्हणालो, आमच्या घरात एक गोष्ट आहे. सांगता सांगता कडी घालायची वेळ आली आणि माझ्या तोंडून फाटक उघडलं गेलं. तिचे डोळे असे चमकले की मग मला ते लावता येईना.

एवढीच माझी चूक. आणि मग दर नाताळाला, देवाच्या घरात, झांज वाजवून.

"बरं," म्हणाली ती, आणि सोललेल्या दाण्यांचं ताट माझ्याकडे सरकवलं. "घ्या, खायचे तेवढे खा. चहा टाकते."

आत गेली. आतून ओरडली, "आलं संपलंय!" मी म्हणालो, बिनआल्याचा कर. तिचं उत्तर आलं नाही. मी सुतळी ओवत बसलो. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा उठलो. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकून बसली होती, दमलेलं माणूस बसतं तशी. डॉक्टर म्हणाले, हृदय. क्षणात गेल्या, त्रास झाला नाही. मी म्हणालो, बरं.

पोरगा इंदुराहून संध्याकाळीच आला. शेजारी आले, पाळकसाहेब आले. ठरलं की सकाळी दहाला माती द्यायची, संध्याकाळचं कीर्तन रद्द. अविनाश कोपऱ्यात उभा होता, डोळे लाल. म्हणाला, "काका, कल कौन सा गीत लें? मावशी को जो पसंद था..." मी म्हणालो, सकाळी सांगतो.

सकाळी बायकांनी तिला अंघोळ घालून पांढरं पातळ नेसवलं. पेटी बंद करायच्या आधी मला बोलावलं. तोंडाकडे बघवेना म्हणून मी हाताकडे पाहिलं. चांगला साबणानं धुतला होता, तरी नखांत हरभऱ्याचा हिरवा रंग तसाच राहिला होता. ती असती तर म्हणाली असती, कीर्तनाला अशी नखं घेऊन उभं राहू? तिच्या वहीतलं नवीन पान मी काढून घेतलं होतं. ते खिशात ठेवलं. झांज पिशवीत घेतली.

कबरस्तानात थंडी होती. पाळकसाहेबांनी वचन वाचलं, प्रार्थना केली. अविनाशनं माझ्याकडे पाहिलं. बदनावरहून पहिल्या बसनं निघालेले दयाल मास्तर तेवढ्यात पोचले आणि काठी टेकत कबरीच्या पलीकडे उभे राहिले. त्यांच्या हातात छोटी बाटली होती. कीर्तनासाठीच आणली असेल.

मी पुढे झालो. चव्वेचाळीस वर्षांत मी कधी पुढे उभा राहिलो नव्हतो. पोरानं दंड धरला, "बाबा, राहू द्या." मी हात सोडवला.

म्हणालो, "आज संध्याकाळी हिचं कीर्तन होतं. त्यातलं एक कडवं राहिलंय." पान उघडलं. मला वाचायला वेळ लागतो, पण हे अक्षर मी ओळखतो. आवाज फाटका, पट्टी भलतीच. म्हटलं:

राखणदारे कडी घातली, थंडी काळी रात...

आणि अडलो. मागून ओळ उचलणारं कुणी नव्हतं. उचलणारा मीच होतो. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणीतरी कुजबुजलं, "कडी कैसे?"

पलीकडून दयाल मास्तर हळूच म्हणाले, "आगे बोलो, भिया."

देव तियेच्या संगे गेला, कोणि न उरले आत.

मग मी साध्या आवाजात सांगितलं. "तो राखणदार माझा पणजा. त्यानं फाटक उघडलं नव्हतं. बाहेरच्या बाईला तेलिणीनं घेतलं, आणि त्या बाईच्या वंशातलं माणूस हे समोर उभं आहे. हिला मी खोटं सांगितलं होतं. हिनं खरं शोधून काढलं, काल मला विचारलं, तरीही मी खोटंच बोललो. यंदा नाताळला फाटक दुसऱ्या कुणी उघडा."

पोरगा खाली बघत होता. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मी झांज बाहेर काढली, आणि सवयीनं थांबलो. इथं ती मागे वळायची. इथं ती विचारायची.

कुणी विचारलं नाही. नवीन सुतळी बोटांना टोचत होती. मी झांज एकदाच वाजवली आणि तिच्या पेटीकडे बघून म्हणालो, "साक्ष आहे."